आणलेले कोठे ठेवावे? : अपरिग्रह, उपनिधी आणि प्रोग्रामचे कोठार

संग्रह करावा की करू नये, हा प्रश्न भारतीय धर्मविचाराने फार पूर्वीपासून हाताळला आहे. जैनांच्या महाव्रतांत, पतंजलीने सांगितलेल्या यमांत आणि विसाव्या शतकात गांधीजींनी मांडलेल्या विश्वस्तवृत्तीत त्याची निरनिराळी उत्तरे सापडतात. त्याच्याच पोटातला दुसरा प्रश्न मात्र बहुधा व्यवहाराचा म्हणून बाजूला राहिला. जे दुसऱ्याकडून आणले आहे, ज्याच्यावाचून आपले काम चालत नाही आणि तरीही जे आपले नाही, ते ठेवावे कोठे आणि त्याचा जाब कोणी द्यावा, असा तो प्रश्न आहे. धर्मशास्त्राने ठेवीच्या प्रकरणात त्याला हात घातला, ग्रंथपरंपरांना पोथ्यांच्या नकला करताना तो भेटला, आणि गेल्या दोन-अडीच दशकांत संगणकाचे प्रोग्राम लिहिणाऱ्यांपुढे तो टाळता न येण्याजोग्या स्वरूपात उभा राहिला. प्रोग्रामिंगच्या भाषेबरोबर येणाऱ्या साधनांनी बाहेरून उतरवून घेतलेली सामग्री कोणत्या फोल्डरात ठेवावी, हा वरकरणी निव्वळ तांत्रिक वाटणारा वाद तत्त्वतः याच जुन्या प्रश्नाचे नवे रूप आहे, आणि त्याचे उत्तर शोधताना मराठवाड्याच्या भूमीतील विचार आणि अनुभव उपयोगी पडतो, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

प्रथम काही संज्ञा स्पष्ट करणे आवश्यक आहे. प्रोग्राम लिहिणारा सगळेच स्वतः लिहीत नाही. तारखांचा हिशोब, चित्रे लहान-मोठी करणे, बँकेच्या संगणकाशी सुरक्षित देवाणघेवाण अशा कामांसाठी इतरांनी लिहून सर्वांसाठी खुली ठेवलेली तयार सामग्री तो घेतो. अशा सामग्रीच्या एकेका गठ्ठ्याला पॅकेज म्हणतात, आणि एखादा प्रोग्राम ज्या पॅकेजांवर विसंबून असतो ती त्याची डिपेंडन्सी होय. ही पॅकेजे जेथे नोंदवलेली आणि ठेवलेली असतात त्या सार्वजनिक भांडाराला रजिस्ट्री म्हणतात, आणि तेथून ती उतरवून आणणाऱ्या साधनाला पॅकेज मॅनेजर. पॅकेजे स्वतःही इतर पॅकेजांवर विसंबलेली असल्यामुळे प्रोग्रामरने दहा मागितली तर प्रत्यक्षात शेकडो येतात, आणि त्यांतील बहुतेकांची नावेही त्याने कधी ऐकलेली नसतात. परावलंबनाची ही साखळी किती लांब आहे हे ज्याला ठाऊक नाही, त्याच्याच संगणकावर ती येऊन बसते; म्हणून ती कोठे बसावी हे ठरवणे भाग पडते.

आजवर या प्रश्नाची मुख्यतः तीन उत्तरे दिली गेली. पहिल्या उत्तरानुसार प्रत्येक प्रकल्पाने आपली सामग्री आपल्याच फोल्डरात ठेवावी. नोड या जावास्क्रिप्टच्या व्यवस्थेतील 'नोड-मॉड्यूल्स' हे फोल्डर आणि पीएचपीतील 'व्हेंडर' हे फोल्डर ही त्याची प्रसिद्ध उदाहरणे आहेत. येथे प्रकल्प स्वयंपूर्ण राहतो, पण एकाच संगणकावर दहा प्रकल्प असतील तर तेच पॅकेज दहादा साठते. दुसऱ्या उत्तरानुसार वापरकर्त्याच्या घर-फोल्डरात एकच कोठार असावे आणि त्याच्या सर्व प्रकल्पांनी त्यातून घ्यावे. जावासाठीचे मेव्हन, रस्टसाठीचे कार्गो आणि गो भाषेचे साधन हा मार्ग धरतात. तिसऱ्या उत्तरानुसार सबंध संगणकासाठी एकच जागा असावी. पायथनमध्ये दीर्घकाळ असेच चालत आले, परंतु तेथे एका पॅकेजची एकच आवृत्ती नांदू शकत असल्यामुळे दोन प्रकल्पांच्या गरजा एकमेकींशी भांडू लागल्या, आणि २०१२ साली आलेल्या पायथन ३.३ मध्ये प्रत्येक प्रकल्पाला स्वतंत्र आभासी परिसर देण्याची सोय भाषेबरोबरच द्यावी लागली. पुढे प्रकल्पाच्या आतच एक ठरावीक फोल्डर असावे असा प्रस्ताव २०१८ मध्ये मांडला गेला आणि बऱ्याच चर्चेनंतर २०२३ मध्ये तो फेटाळला गेला. जागेचा प्रश्न किती चिवट आहे, हे एवढ्यावरूनही ध्यानात यावे.

या वादात सामायिक कोठाराची बाजू घेणाऱ्यांचा युक्तिवाद धर्मविचाराच्या परिभाषेत मांडला तर तो अपरिग्रहाचा युक्तिवाद ठरतो. जे सर्वांचे आहे आणि मागितले की मिळते, ते प्रत्येकाने आपापल्या घरात कोंबून ठेवण्यात लोभ आणि नासाडी या दोन्ही गोष्टी आहेत. म्हणून गरजेपुरते आणावे, एकाच जागी ठेवावे आणि नको झाले की पुसून टाकावे, असे या पक्षाचे म्हणणे. संगणकशास्त्रात अशा पुसून टाकण्याजोग्या साठ्याला कॅश म्हणतात, आणि युनिक्स परंपरेच्या संगणकांवर कोणत्या प्रकारची फाइल घर-फोल्डरात कोठे असावी याचे जे प्रचलित संकेत आहेत, त्यांतही कॅशसाठी, म्हणजे ज्याच्यावाचून अडत नाही अशा सामग्रीसाठी, वेगळी जागा नेमून दिलेली आहे. या युक्तिवादाला जैन विचाराचा आणखी सूक्ष्म आधार मिळतो. उमास्वातींनी तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात परिग्रहाची व्याख्या करताना वस्तूंच्या संख्येकडे वा आकारमानाकडे बोट न दाखवता वस्तूंविषयीच्या मूर्च्छेकडे, म्हणजे आसक्तीकडे, बोट दाखवले. हा निकष संगणकाच्या साठ्याला लावला तर कॅश किती गिगाबाइटची आहे हे गौण ठरते. ती पूर्ण पुसल्यानंतर काम पुन्हा उभे राहते की अडून बसते, हे महत्त्वाचे ठरते. जी पुसता येते ती सोय, आणि जी पुसण्याची भीती वाटते ती आसक्ती, मग तिचे नाव कॅश असले तरी.

हा पक्ष आकर्षक आहे, पण तो एका गृहीतावर उभा आहे. मागितले की मिळते, हे गृहीत. ते किती ठिसूळ आहे याचा प्रत्यय २२ मार्च २०१६ रोजी जगाला आला. जावास्क्रिप्टच्या रजिस्ट्रीत 'लेफ्ट-पॅड' नावाचे अवघ्या ११ ओळींचे एक पॅकेज होते. एखादा शब्द वा आकडा ठरावीक रुंदीत बसवण्यासाठी त्याच्या डाव्या बाजूला रिकाम्या जागा किंवा शून्ये भरणे, एवढेच त्याचे काम. ७ हा आकडा ००७ असा दाखवायचा असेल तर ते उपयोगी पडे. आपल्या दुसऱ्या एका पॅकेजचे नाव रजिस्ट्रीच्या चालकांनी एका कंपनीला देऊ केल्यामुळे त्याच्या लेखकाने रागावून स्वतःची सर्व पॅकेजे काढून घेतली, आणि या ११ ओळींवर साखळीने विसंबलेले असंख्य प्रकल्प एकाएकी बांधले जाईनात. अखेर रजिस्ट्रीच्या चालकांना काही तासांत ते पॅकेज परत ठेवावे लागले आणि पुढे पॅकेज मागे घेण्याचे नियम कडक करावे लागले. ज्यांनी सामग्री प्रकल्पाच्या आत ठेवली होती त्यांना त्या दिवशी काही जाणवले नाही. ज्यांनी ती पुन्हा मिळेल या भरवशावर पुसली होती, त्यांचा अपरिग्रह उघडा पडला. दुसऱ्याच्या भरल्या घराच्या भरवशावर केलेला त्याग हा त्याग नसून विसंबणे असते, असा आक्षेप येथे घेता येतो आणि तो खोडणे सोपे नाही.

पुन्हा मिळण्याची शक्यता सर्वांना सारखी नसते, ही गोष्ट या आक्षेपाला अधिक धार देते. मुदखेड–आदिलाबाद रेल्वेमार्गावरील, पैनगंगेच्या अलीकडचे हिमायतनगर हे नांदेड जिल्ह्यातील तालुक्याचे गाव विचारात घेतले, आणि तेथील ज्या विद्यार्थ्याचे सारे काम मोबाइलच्या रोजच्या ठरावीक डेटावर चालते तो डोळ्यांपुढे आणला, तर 'पुसा आणि पुन्हा उतरवा' हा सल्ला त्याच्यासाठी एका दिवसाचा खर्च असतो. मोठ्या शहरातील कार्यालयात तो अर्ध्या मिनिटाचा असतो. पुन्हा मिळणे हा वस्तूचा गुण नाही. वस्तू, ती ज्याला हवी तो माणूस आणि दोघांमधील वाट, या तिघांमधला तो संबंध आहे. याच परिसरातील शेतकरी हा भेद नित्य व्यवहारात पाळतो. सोयाबीनचे बियाणे घरच्या पिकातून राखून पुढच्या हंगामात पेरता येते, परंतु संकरित कापसाचे बियाणे दरवर्षी विकतच आणावे लागते, म्हणून एकाचे बियाणे पोत्यांत राखले जाते आणि दुसऱ्याची तजवीज पेरणीआधी दुकानातून करावी लागते. जे स्वतःच्या बळावर पुन्हा निर्माण होते आणि जे दुसऱ्याच्या देण्यावर अवलंबून असते, त्यांची साठवण एकाच न्यायाने होत नाही.

लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की काही साधनांच्या रचनेत हा भेद शब्दांत न मांडताही उतरला आहे. गो भाषेचे साधन दोन प्रकारचा साठा करते. प्रोग्रामरच्या स्वतःच्या आणि इतरांच्या मजकुरावरून संगणकाने तयार केलेला यंत्रसुलभ माल ते कॅशसाठी नेमलेल्या जागेत ठेवते आणि काही दिवस न वापरलेला भाग आपणहून झाडून टाकते, कारण तो पुन्हा तयार करायला फक्त संगणकाचे श्रम लागतात. बाहेरून उतरवलेली पॅकेजे मात्र ते वेगळ्या फोल्डरात ठेवते, प्रत्येक पॅकेजच्या फोल्डरच्या नावात ॲट चिन्हापुढे त्याची आवृत्ती लिहिते, त्यांतील फाइली केवळ वाचण्याजोग्या करते, आणि वापरकर्त्याने वेगळी आज्ञा दिल्याशिवाय त्यांतले काहीही पुसत नाही. रस्टच्या कार्गोने जून २०२५ मधील १.८८ आवृत्तीपासून आपणहून सफाई सुरू केली, पण तीही भेद राखून केली : जाळ्यावरून उतरवलेली फाइल ३ महिने वापरली गेली नाही तर ती पुसायची, त्याच संगणकावरून घडवता येणारी फाइल मात्र १ महिन्यातच, आणि वापरकर्त्याने जाळ्याविना काम करण्याचा आदेश दिलेला असेल तर सफाई करायचीच नाही. ३ महिने आणि १ महिना या दोन मुदतींमधील अंतर म्हणजे परावलंबनाच्या किमतीचा साधनाने केलेला अंदाजच होय. जागेच्या प्रश्नाचे पहिले उत्तर येथून मिळते : जे आपल्याच हातून पुन्हा होते ते कॅश, आणि जे दुसऱ्याकडून आणावे लागते ते कॅश नव्हे, ती ठेव.

ठेव कोठे असावी याचा विचार करताना मराठी ग्रंथपरंपरांचा अनुभव मोलाचा आहे, कारण पोथीसुद्धा एका अर्थाने आणलेली, विसंबून राहण्याची आणि नकलेने टिकणारी वस्तू होती. महानुभाव पंथातील लीळाचरित्र म्हाइंभटांनी तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात, चक्रधरस्वामींच्या सहवासात राहिलेल्यांकडून आठवणी मिळवून, त्या पडताळून सिद्ध केले. पंथाच्या इतिहासानुसार पुढे उत्तरेकडील फौजांच्या स्वाऱ्यांच्या धामधुमीत मूळ पोथी नष्ट झाली, आणि मग ज्यांना ती मुखोद्गत होती अशा हिराइसेसारख्या अनुयायांच्या स्मरणातून तिची पुन्हा उभारणी करावी लागली. त्यामुळे आज लीळाचरित्राचे एकाहून अधिक पाठ आढळतात, आणि कोणता पाठ मुळाच्या अधिक जवळचा याची चर्चा अभ्यासकांना करावी लागते. मूळ मोजक्या जागी असले की त्या जागेवरचे संकट साऱ्या परंपरेवर येते, हा या घटनेचा अर्थ.

ज्ञानेश्वरीचा अनुभव नेमका उलट आहे. तिच्या नकला घरोघरी झाल्या, त्यामुळे ती नष्ट होण्याचा धोका उरला नाही. पण प्रत्येक नकलेबरोबर लेखनिकाची चूक, त्याच्या काळाची भाषा आणि कधी त्याची स्वतःची भरसुद्धा मजकुरात शिरत गेली. हिमायतनगरप्रमाणेच मराठवाड्यात असलेल्या पैठण येथील एकनाथ महाराजांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ.स. १५८४ मध्ये, निरनिराळ्या प्रती ताडून पाठ शुद्ध केला आणि यापुढे त्यात कोणी आपली ओवी घालू नये, असा कडक इशारा देऊन ठेवला. प्रोग्रामिंगच्या परिभाषेत सांगायचे तर प्रत्येक प्रकल्पाच्या फोल्डरात स्वतंत्र नक्कल ठेवण्याचा हाच धोका आहे. कोणीतरी निकडीच्या वेळी ती नक्कल जागच्या जागी दुरुस्त करतो, ती दुरुस्ती मुळापर्यंत पोहोचत नाही, आणि काही वर्षांनी त्याच नावाच्या दोन वस्तू दोन प्रकारे वागू लागतात.

तिसरे उदाहरण नांदेडचेच आहे. १७०८ साली गोदावरीच्या काठी गुरू गोविंदसिंहांनी आपल्यामागे गुरुपद ग्रंथाला दिले, अशी शीख परंपरेची श्रद्धा आहे, आणि तेव्हापासून गुरू ग्रंथसाहिबाच्या प्रती जगभरच्या गुरुद्वारांत प्रतिष्ठित आहेत. आज प्रचारात असलेल्या प्रमाण छापील प्रतीची १४३० पाने असतात आणि कोणत्याही गुरुद्वारात ठरावीक पान उघडले तर त्यावर तोच मजकूर, त्याच ठिकाणी सापडतो. श्रद्धेचा विषय असलेल्या ग्रंथाची बरोबरी संगणकाच्या फाइलींशी करण्याचा येथे मुळीच हेतू नाही. साठवणुकीच्या शिस्तीपुरतीच ही तुलना आहे. ती शिस्त अशी की प्रती अनेक असाव्यात, पण प्रत्येक प्रत त्याच मुळाची आहे हे कोणालाही, कोठेही, पान उघडून पडताळता यावे. लीळाचरित्राच्या अनुभवातून अनेक जागांची गरज सिद्ध होते, ज्ञानेश्वरीच्या अनुभवातून एका पाठाची. आणि या दोन गरजा परस्परविरोधी नाहीत, हे तिसऱ्या उदाहरणावरून दिसते. जागा कोणती, यापेक्षा पडताळा कशाने घ्यायचा, हा प्रश्न येथे वरचढ होतो.

पडताळा केवळ नावाने घेता येत नाही. हिमायतनगरालाच लोकांच्या तोंडी वाढोणा म्हणतात, आणि येथील परमेश्वर मंदिराच्या महाशिवरात्रीच्या यात्रेला येणाऱ्या कित्येकांच्या लेखी तेच खरे नाव. उलट हैदराबाद शहरातही हिमायतनगर नावाची प्रसिद्ध वस्ती आहे. एका जागेची दोन नावे आणि एका नावाच्या दोन जागा, हे माणसाला प्रसंगावरून उमगते, पण यंत्राला उमगत नाही. २०२१ च्या फेब्रुवारीत एका सुरक्षा संशोधकाने हेच सप्रमाण दाखवून दिले. काही मोठ्या कंपन्यांच्या अंतर्गत, खासगी पॅकेजांच्या नावाचीच पॅकेजे त्याने सार्वजनिक रजिस्ट्रीत ठेवली, आणि त्या कंपन्यांच्या साधनांनी घरचे सोडून बाहेरचे उचलले. यावर उपाय म्हणजे नावाऐवजी मजकुरावरून ओळख पटवणे. पॅकेजच्या संपूर्ण मजकुरावर ठरावीक गणिती क्रिया करून एक लहानशी, ठरावीक लांबीची खूण काढता येते, जिला हॅश म्हणतात. मजकुरातले एक अक्षर बदलले तरी ही खूण पूर्णपणे बदलते. प्रत्येक पॅकेजची नेमकी आवृत्ती आणि ही खूण यांची नोंद असलेल्या फाइलीला लॉक फाइल म्हणतात. गो भाषेने २०१९ च्या १.१३ आवृत्तीपासून याच्याही पुढे जाऊन अशा खुणांची एक सार्वजनिक नोंदवही ठेवली, जेणेकरून एकाच आवृत्तीची एक खूण नांदेडला आणि दुसरी अन्यत्र, असे होणार नाही. युट्रेख्ट विद्यापीठातील एल्को डॉल्स्ट्रा यांनी विकसित केलेल्या निक्स या व्यवस्थेत तर पॅकेज ज्या सामग्रीपासून आणि ज्या कृतीने घडते त्यांवरून काढलेली अशी खूण फोल्डरच्या नावातच गुंफलेली असते, त्यामुळे जागा आणि ओळख यांतील अंतरच मिटते.

येथे धर्मशास्त्रातील ठेवीच्या प्रकरणाकडे वळणे उचित ठरते. मराठवाड्याच्या सीमेलगत असलेल्या कल्याणी, म्हणजे आजच्या बसवकल्याण, येथील चालुक्य राजा सहावा विक्रमादित्य (१०७६–११२६) याच्या आश्रयाने विज्ञानेश्वरांनी याज्ञवल्क्यस्मृतीवर मिताक्षरा ही टीका लिहिली, जी पुढे भारताच्या मोठ्या भागात हिंदू कायद्याचा आधार बनली. ठेवीचा विचार करताना तेथे दोन प्रकार वेगळे केले आहेत. मोजून, सांगून, दाखवून दिलेली ठेव म्हणजे निक्षेप. आणि आत काय व किती आहे हे न सांगता, भांड्यात घालून, मोहोर लावून दिलेली ठेव म्हणजे उपनिधी. उपनिधी ज्याच्याकडे ठेवला त्याने तो जसाच्या तसा, मोहोरेसह परत करायचा असतो. राजाने नेला, दैवाने गेला किंवा चोराने पळवला तर त्याच्यावर दोष येत नाही, परंतु त्याने तो आपल्या फायद्यासाठी वापरला तर दंड आणि व्याज दोन्ही द्यावी लागतात. उतरवलेले पॅकेज बहुधा उपनिधीच असते, कारण ते आणणाऱ्याने आत काय आहे हे मोजलेले नसते आणि पाहिलेलेही नसते; हॅश ही त्याची मोहोर; आणि फाइली केवळ वाचण्याजोग्या करून ठेवणे ही, ठेव जशीच्या तशी राहील, या हमीची यंत्राने दिलेली साक्ष.

ही तुलना एका टप्प्यापर्यंतच चालते आणि ती जेथे थांबते तेथेच तिची खरी शिकवण आहे. स्मृतीतील ठेवीत दोनच पक्ष असतात, ठेवणारा आणि राखणारा. म्हणून राजा, दैव आणि चोर या तीन कारणांनी राखणारा मोकळा होऊ शकतो. प्रोग्रामच्या बाबतीत तिसरा पक्ष आहे : जो तो प्रोग्राम वापरतो, ज्याचे बँकेचे खाते, शाळेचा निकाल किंवा पीकविम्याचा अर्ज त्यावर अवलंबून असतो, आणि ज्याने यांपैकी कोणाशीही ठेवीचा करार केलेला नाही. रजिस्ट्रीच्या चालकांचा निर्णय हा राजा, तुटलेले जाळे हे दैव आणि पॅकेजमध्ये घुसवलेला घातक मजकूर हा चोर, असे म्हणून प्रोग्रामर त्याच्यापुढे हात झटकू शकत नाही. मोहोर शाबूत असणे आणि आतला माल चांगला असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २०१८ मध्ये 'इव्हेंट-स्ट्रीम' या लोकप्रिय पॅकेजच्या साखळीत नव्या देखभालकर्त्याने घातक भाग घातला, तेव्हा त्या भागाची खूणही नियमानुसार बरोबरच होती. प्रत्येक संगणकावर तेच, अगदी जसेच्या तसे, वाईट पॅकेज पोहोचले. उपनिधीला निक्षेपाच्या जवळ नेण्याचा, म्हणजे न मोजलेले मोजून घेण्याचा, एकच मार्ग आहे, आणि तो म्हणजे वाचणे. ऋषिऋण अध्ययनाने फिटते, असे परंपरा सांगते. इतरांनी लिहून फुकट दिलेल्या मजकुराचे ऋणही तो निदान काही अंशी वाचल्यावाचून फिटत नाही.

सामग्री प्रकल्पाच्या फोल्डरातच ठेवावी असे म्हणणारे येथे पुन्हा उभे राहतील, आणि त्यांचा मुद्दा ऐकण्याजोगा आहे : जे डोळ्यांसमोर असते तेच वाचले जाते, आणि घर-फोल्डरातील ज्या जागेचे नाव टिंबाने सुरू होते ती जागा तर नेहमीच्या यादीत दिसतसुद्धा नाही. परंतु अनुभव या म्हणण्याला पुरती साथ देत नाही. प्रकल्पाच्या आत हजारो परक्या फाइली आल्या की त्या वाचल्या जात नाहीत, उलट त्यांच्या गर्दीत स्वतःची दहा-वीस फाइलींची भरही हरवते, आणि बदल तपासणारा माणूस परक्या मजकुराची पाने न पाहताच पुढे सरकवतो. लॉक फाइलमध्ये मात्र एखादे नवे नाव किंवा नवी आवृत्ती आली की ती एका ओळीत दिसते, आणि नेमके काय वाचायचे हे ती ओळ सांगते. वाचनाला जवळीक पुरत नाही, निवड लागते. ती निवड करून देणारी नोंद प्रकल्पात असेल तर माल बाहेर असला तरी चालते.

आतापर्यंतचा विचार एका प्रत्यक्ष व्यवस्थेवर लावून पाहता येतो. नांदेड येथे १९९४ साली स्थापन झालेल्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या कक्षेतील एखाद्या तालुक्याच्या महाविद्यालयात संगणकाची प्रयोगशाळा असावी, तीत बरेच विद्यार्थी आळीपाळीने त्याच यंत्रांवर बसावेत आणि बाहेरची जोडणी मंद असावी, अशी कल्पना केली, तर प्रत्येकाच्या घर-फोल्डरात वेगळे कोठार ठेवण्यात तेच पॅकेज पुन्हा पुन्हा उतरवले जाते आणि मंद जोडणी त्यातच खर्ची पडते. सर्वांना लिहिता येईल असे एकच कोठार ठेवले तर एकाने केलेला बदल, चुकून वा मुद्दाम, बाकी सर्वांच्या प्रोग्रामात शिरतो. म्हणून तेथे कोठार सामायिक असावे पण लिहिण्याचा अधिकार फक्त उतरवून आणणाऱ्या साधनाला असावा. प्रयोगशाळेतच रजिस्ट्रीची एक स्थानिक प्रत असावी, म्हणजे जोडणी तुटली तरी तास बुडणार नाही. आणि प्रत्येक विद्यार्थ्याच्या प्रकल्पात लॉक फाइल असावी, म्हणजे त्याने नांदेडला वा पुण्याला जाऊन तोच प्रकल्प उघडला तरी तीच सामग्री मिळाल्याची त्याला खात्री करता येईल. माल सर्वांचा, पडताळा ज्याचा त्याचा, अशी ही वाटणी आहे.

या वाटणीतून अपरिग्रहाच्या कल्पनेतही एक आवश्यक भेद स्पष्ट होतो. वस्तूवरचा हक्क सोडणे आणि वस्तूविषयीचा जाब सोडणे या दोन क्रिया सहसा एकत्र धरल्या जातात; जो आपले म्हणून काही ठेवत नाही तो कशालाच बांधील नाही, असे मानण्याकडे मनाचा ओढा असतो. परंतु आणलेल्या वस्तूच्या बाबतीत या दोन क्रिया वेगळ्या कराव्याच लागतात. कोठार आपले नसेल, त्यातील एकही ओळ आपण लिहिलेली नसेल, उद्या ते पुसलेही जाईल. तरीही आपण काय आणले, कोणत्या खुणेचे आणले आणि ते कोणासाठी वापरले, याची नोंद आपल्यापाशी राहिलीच पाहिजे. उमास्वातींच्या निकषानुसार ही नोंद म्हणजे आसक्ती नव्हे, कारण वस्तू पकडून ठेवण्यासाठी ती नसते. वस्तू निर्धास्त सोडता यावी, यासाठी ती असते.

साधने घडवणाऱ्यांवर मात्र याहून एक अधिक कर्तव्य पडते. कोणता साठा केव्हा पुसायचा, घर-फोल्डरातील जागा बदलता येऊ द्यायची की नाही, जाळ्याविना काम करण्याची सोय द्यायची की नाही, हे सारे ते आधीच ठरवून टाकतात, आणि बहुसंख्य वापरकर्ते ते निर्णय कधीच बदलत नाहीत. असे निर्णय करताना आपल्या टेबलावरील जोडणी गृहीत धरणे हा स्वाभाविक पण सदोष मार्ग आहे. पुन्हा मिळणे ज्याला सर्वांत महाग पडते, त्याच्या स्थितीवरून मुदत आणि जागा ठरवणे हा न्याय्य मार्ग होय. कारण साठा गरजेपेक्षा जास्त काळ राहिला तर रजिस्ट्रीजवळच्या माणसाची डिस्कवरील थोडी जागा वाया जाते, पण तो गरजेपेक्षा लवकर पुसला गेला तर हिमायतनगरच्या माणसाचे काम थांबते, आणि या दोन तोट्यांना सारखे लेखणे कोणत्याही धर्मविचाराला मान्य होण्याजोगे नाही.